सगळं ठीक आहे, निवांत बसा

या व्यवहारात ऋजुता सावर्डेकरला काय मिळणार होतं ते आधी पाहून घेऊ. पैशाचं सोडून द्या, ते चारचौघींना मिळतात तसेच मिळणार होते. खरी कमाई वेगळीच होती. बारा वर्षं विमानाच्या दारात उभं राहून तिनं इतके नमस्कार केले होते, की घरी देवासमोर हात जोडले तरी तोंडातून "आपलं स्वागत आहे" बाहेर पडायचं. ते थांबणार होतं. टाचांचे बूट सुटणार होते. नवऱ्याशी काढलेलं भांडण त्याच दिवशी संपवता येणार होतं. आजवर त्यांची निम्मी भांडणं तिच्या पुढच्या सुट्टीपर्यंत तहकूब व्हायची. आणि बडोद्याच्या सासूबाई फोनवर "आज कुठल्या गावी जेवलीस गं?" असं जे गोड विचारायच्या, त्यावर "घरीच" असं सांगता येणार होतं. या एका "घरीच"साठी ऋजुता बरंच काही द्यायला तयार होती.

मागितलं काय, तर फक्त आवाज.

गगनवेल एअरलाइन्सची नवी विमानं निम्मी बॅटरीवर चालायची, आणि त्यात माणसंही निम्मीच असायची. कॉकपिटमध्ये एक वैमानिक, केबिनमध्ये एक मुलगी, बाकी सगळं यंत्र. लोकांना हे पसंत नव्हतं. तिकीट स्वस्त हवं होतं, पण बसल्यावर पोटात गोळा यायचा. त्या गोळ्यावर उतारा म्हणून डॉ. बेहेरे यांनी "निवांत" नावाची यंत्रणा तयार केली. बेहेरे आवाजाचे अभ्यासक. नर्सनं इंजेक्शन देण्याआधी बोलावं तसं ते कायमच बोलत.

"माणूस घाबरला की त्याचा श्वास उथळ होतो, नाडी पळते," त्यांनी तिला समजावलं. "पण कानावर संथ लयीचं बोलणं पडत असेल, तर त्याचा श्वास नकळत त्या लयीला लागतो. तान्हं बाळ थोपटल्यावर झोपतं ना? तसंच. आम्ही फक्त ते थोपटणं प्रत्येकाच्या मापाचं केलंय."

खुर्चीच्या पट्ट्यात नाडी मोजणारी चकती होती आणि डोक्यामागच्या उशीत एक स्पीकर. ज्याची नाडी पळेल त्याच्या उशीतला आवाज आणखी खाली उतरणार, दोन शब्दांमधली जागा वाढणार, आणि त्याला त्याच्या नावानं, त्याच्या भाषेत हाक मारली जाणार. सगळं ठीक आहे, निवांत बसा.

"पण माझाच आवाज का, सर?"

"पुष्कळ तपासले. तुमचा ऐकला की माणसाला आपण लहान आहोत असं वाटतं."

"माझ्या नवऱ्याला नाही वाटत तसं."

"वाटेल," बेहेरे म्हणाले.

ऋजुता हसली. त्या दिवशी तो विनोदच वाटला होता.

रेकॉर्डिंगला तिला मजा आली. कृपया खुर्चीची पाठ सरळ करा, पुढचं टेबल बंद करा, खिडकीची झडप वर करा, आपला प्रवास सुखाचा होवो. ही वाक्यं ती झोपेतही म्हणायची, तन्मयनं तशी तक्रारही केली होती. आता काचेपलीकडची माणसं ती ऐकून माना डोलवत होती.

शेवटच्या दिवशी आणीबाणीची वाक्यं आली. आग लागली, विमान रिकामं करायचंय. प्रशिक्षणात तिच्या बॅचला शिकवलं होतं की ही वाक्यं बोलायची नसतात, लोकांच्या अंगावर फेकायची असतात. ऋजुतानं फेकली. "पट्टा सोडा! सामान सोडा! बाहेर पडा!" काचेपलीकडच्या एकाच्या हातातला चहा सांडला.

"असं नको," बेहेरे म्हणाले. "चाचणीतल्या लोकांनी अशा आवाजाला 'अप्रिय' असा शेरा दिलाय."

"अप्रियच हवा ना, सर? आग लागलीय."

"घबराट झाली की माणसं दारात अडकतात. शांत माणूस शिस्तीत बाहेर पडतो. म्हणा, कृपया पट्टा सोडा, सामान राहू द्या आणि दाराकडे या."

ऋजुतानं कागद पुन्हा वाचला. मनात कुठेतरी खटकलं, पण कराराची सही अजून व्हायची होती, आणि सहीनंतर जमिनीवरची नोकरी होती. जेवायला बोलवावं, पानं वाढलीत असं सांगावं, तशा आवाजात तिनं ते वाक्य म्हणून टाकलं.

"सुंदर," बेहेरे म्हणाले.

पहिलं वर्ष नुसत्या फायद्याचं गेलं. निवांत गाजली. मग ती विमानतळावर आली, इस्पितळांच्या प्रतीक्षागृहांत आली, उंच इमारतींच्या लिफ्टमध्ये आली. आणि मग एक गोष्ट घडू लागली, जी बेहेऱ्यांनी सांगितली नव्हती. शाळेच्या पुस्तकातला कुत्रा आठवतो ना, घंटा वाजली की जेवण मिळतं हे शिकलेला, आणि मग नुसत्या घंटेवर लाळ गाळणारा? इथे घंटा म्हणजे ऋजुता. हजारो लोकांनी तो आवाज ऐकला होता आणि प्रत्येक वेळी विमान सुखरूप उतरलं होतं, रिपोर्ट बरा आला होता, लिफ्ट वेळेवर उघडली होती. शरीरानं धडा गिरवला. आता उशी नको, चकती नको. ती नुसती बोलली तरी ऐकणाऱ्याचे खांदे खाली यायचे.

ऋजुतानं हे मनापासून उपभोगलं, खोटं कशाला बोला. सिग्नल तोडला, तर हवालदार "जाऊ दे, ताई" म्हणाला. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून पेटलेलं भांडण तिनं "एक मिनिट हं" म्हणताच विझलं. सासूबाई तर फोनवर तिचं बोलणं ऐकता ऐकता पेंगू लागल्या. एकच माणूस या आवाजाला बधत नव्हता, ती स्वतः. आपला आवाज आपल्याला आतून ऐकू येतो, तो वेगळा असतो. लिफ्टमधली ती बाई तिला परकी आणि जरा शिष्ट वाटायची.

मग भांडणं बंद झाली. तन्मयशी भांडावं म्हटलं, तर दुसऱ्या वाक्याला त्याचा चेहरा विरघळायचा. "तुझं बरोबर आहे गं." ती म्हणाली, तू माझं ऐकत नाहीस. तो म्हणाला, "ऐकतोय ना, किती छान वाटतंय." तन्मय लिफ्टची सुरक्षा तपासणारा इंजिनियर, स्वभावानं शंकेखोर. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून पाहणारा. त्या शंकेखोर माणसाशी तिनं लग्न केलं होतं. आता घरात एक हसरा पाहुणा राहत होता.

एका रविवारी ती आंघोळ करून बाहेर आली आणि तिला गॅसचा वास आला. दाट, घशाला झोंबणारा. तन्मय सर्दीनं हैराण होता आणि ओट्याशी चहाचं आधण ठेवून लायटर शोधत होता.

"तन्मय, गॅस! लायटर लावू नको! गॅस सुटलाय!"

तो वळला. ती जन्मात इतक्या जोरात ओरडली नव्हती. त्याच्या चेहऱ्यावर उन्हात बसलेल्या मांजराची तृप्ती पसरली.

"हो का?" तो म्हणाला, आणि लायटर सापडला म्हणून त्यानं तो उचलला.

तिनं धावत जाऊन त्याच्या मनगटावर फटका मारला. लायटर फरशीवर घरंगळला. तन्मय दुखऱ्या मनगटाकडे पाहत राहिला आणि मग, दोन श्वासांनंतर, पांढराफटक पडला. "तू सांगितलं का नाहीस?" त्यानं विचारलं. ऋजुता उत्तर द्यायला गेली आणि तिला कळलं की उत्तर दिलं की त्याचा तो पांढरेपणा पुसला जाईल. ती गप्प राहून खिडक्या उघडत सुटली.

तिनं बेहेऱ्यांना फोन केला. काय घडलं ते सांगितलं. पलीकडून जांभई ऐकू आली.

"बघू या हं," ते म्हणाले. "तुमच्याशी बोलून बरं वाटलं."

मग तिनं लेखी कळवलं. त्याला उत्तर आलं की प्रवाशांच्या तक्रारी नाहीशा झाल्या आहेत आणि कंपनी आपली ऋणी आहे. तो दिवस ऋजुता विसरली नाही. जगात कुणालाही सावध करण्याची सोय तिच्यापाशी उरली नव्हती.

शिमग्याला ती माहेरी, सावर्ड्याला गेली. तन्मयलाही ओढून नेलं. होळी पेटली तशी सारी वाडी पालथा हात तोंडावर मारत बोंब ठोकू लागली. ऋजुताही त्यात शिरली. लहानपणी बोंब मारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बडोद्याच्या होळीत खजूर आणि धाणी, म्हणजे ज्वारीच्या लाह्या, खाऊन वाढलेला तन्मय बाजूला उभा राहून हसला. "कोण मेलं म्हणून हा आरडाओरडा?"

"मेलं तर कुणी नाही. आग लागली की बोंब मारायची असते," तिची आई म्हणाली. "तुमच्याकडे काय करतात, टाळ्या वाजवतात?"

परतीचं विमान कोकणातल्या नव्या विमानतळावरून सुटायचं होतं. शिमगा आटोपून मुंबईला निघालेली मंडळी होती. पिशव्यांतून कोवळ्या फणसाच्या कुयऱ्या डोकावत होत्या. दारात अक्षता नावाची तरुण मुलगी उभी होती. ऋजुतानं तिला शिकवलं होतं. दोघींनी नजरेनंच ओळख दिली.

ऋजुता आणि तन्मयच्या मागच्या ओळीत जबलपूरहून फिरायला आलेलं एक नवं जोडपं होतं. ऋजुता "जरा पिशवी सरकवाल का" असं हिंदीत म्हणाली आणि त्यातली मुलगी उडालीच. "आप वही हैं ना? वही आवाज!" तिचं नाव गरिमा. तिनं सांगितलं की ती विमानाला इतकी घाबरायची की लग्नाआधी या नवऱ्याला, अंशुलला, दोनदा तिकीट रद्द करावं लागलं. आता भीती नाही. "आपकी वजह से," ती म्हणाली आणि ऋजुताचा हात हातात धरून बसली. ऋजुताला बरं वाटलं. कौतुक कुणाला नको असतं?

विमान धावपट्टीकडे निघालं, एक हिसका बसला आणि थांबलं. मागून वितळलेल्या प्लास्टिकचा वास आला. मग शेवटच्या रांगेच्या पायाखालून, चटईच्या कडेकडेनं, करडा धूर वर येऊ लागला. बॅटऱ्या तिथेच खाली होत्या. एक तापली की शेजारचीला तापवते आणि मग पाण्यानंही विझत नाही, हे ऋजुताला ठाऊक होतं.

अक्षतानं पुढचं दार उघडलं, घसरगुंडी फुगली. नव्या नियमानं तिनं ओरडायचं नव्हतं. तिनं बटण दाबलं.

"कृपया पट्टा सोडा," सगळ्या उशा एकदम म्हणाल्या, "सामान राहू द्या, आणि दाराकडे या."

कुणीही उठलं नाही. एक काका पेपराची घडी घालू लागले. धूर पाहून ज्यांच्या नाड्या पळाल्या, त्यांच्या पट्ट्यांनी ते टिपलं, आणि आवाज अधिक खाली, अधिक जवळ आला. दिगंबरकाका, सगळं ठीक आहे. सुलभाताई, निवांत बसा. यंत्राचं काही चुकत नव्हतं. त्याला भीती घालवायला सांगितलं होतं आणि भीती वाढत होती, म्हणून ते जास्त मन लावून काम करत होतं.

"ऋजुताजी," तिच्या कानामागून ती परकी, शिष्ट बाई म्हणाली, "काळजीचं कारण नाही."

ऋजुता खुर्चीतून उसळून वाटेत उभी राहिली. "पट्टा सोडा! सामान सोडा! बाहेर पडा!" बॅचमध्ये शिकवलं होतं तसं, छाती फोडून. आणि तिच्या डोळ्यांदेखत माणसं निवत गेली. उठू पाहणारी एक बाई परत टेकली. मागे गरिमानं डोळे मिटून हुश्श केलं.

ती पुन्हा ओरडली. ते आणखी खोल बसले.

"तन्मय, ऊठ! आग आहे, ऊठ रे!"

"अगं, बस ना," तन्मय म्हणाला आणि त्यानं डोक्यामागच्या उशीकडे बोट दाखवलं. "तूच तर सांगतेयस."

धूर आता गुडघ्यापर्यंत होता. आपण तोंड उघडतोय म्हणून ही माणसं मरणार आहेत, हे तिला समजलं. गप्प राहिलं तरी मरणार होती. तिचा हात तोंडावर गेला, किंकाळी दाबायला. पालथा गेला.

बोंबेला शब्द नसतो. लयही नसते. हाताचा मार बसून आवाजाचे तुकडे पडतात, आणि ज्या सुरांवर निवांत उभी होती ते सूरच शिल्लक राहत नाहीत. राहतं ते फक्त एवढंच, की या आवाजाबरोबर समोर आग असते. जन्मल्यापासून दर वर्षी असते.

ऋजुतानं बोंब ठोकली. कच्चा, रानटी, चिरकलेला आवाज.

पेपरवाल्या काकांची मान ताडकन वर झाली. "खंय? आग खंय?" आणि मग त्यांना धूर दिसला, जणू आत्ताच पडदा उचलला होता. "मायझंया, आग!" पट्टा सुटला. काकांचा हात तोंडावर गेला. मग पलीकडच्या बाईचा, मग तिच्या सुनेचा. क्षणात अर्धं विमान बोंब मारत उभं राहिलं, उशांचं मऊ बोलणं त्यात बुडालं आणि माणसं दाराकडे लोटली. पिशव्या तुडवल्या गेल्या. अक्षता एकेकाला धरून बाहेर ढकलत होती.

सगळे नाही उठले. जे शिमग्यात वाढले होते ते उठले. तन्मय उठला नाही. तो परवा होळीपाशी हसला होता तसाच हसत होता. आणि मागच्या ओळीत गरिमानं डोळे उघडून हा तमाशा पाहिला, तिला गंमत वाटली, आणि तिनं फोन वर धरला. "देखो ना अंशुल, कैसे विदा करते हैं ये लोग!"

ऋजुतापाशी आता शब्द नव्हते. शब्द म्हणजे विष होतं. फक्त हात होते, आणि छातीत दोन-चार श्वासांपुरती हवा. एका बाजूला तन्मयचा पट्टा, दुसऱ्या बाजूला हात लांबवला तर गरिमाचा. दोन्ही सारखेच जवळ होते.

तिनं तन्मयचा पट्टा सोडला.

त्याला ओढणं म्हणजे झोपलेल्या मुलाला ओढणं होतं. त्यानं खुर्चीचा हात धरून ठेवला, ती चावली, तो सुटला. कॉलरला धरून त्याला दारापर्यंत फरफटत नेताना तिनं एकदा मागं पाहिलं. धुरातून गरिमा तिला हात हलवून निरोप देत होती. "गरिमाजी," तिची उशी हिंदीत सांगत होती, "आप बिलकुल सुरक्षित हैं."

ऋजुतानं तन्मयला ढकललं आणि परत आत वळली. अक्षतानं तिला मागून मिठी घातली आणि दोघी खाली घसरल्या. वर पाहिलं तेव्हा दारातून काळा लोट येत होता.

चौकशी झाली. मागच्या खुर्च्यांमध्ये ते दोघं पट्टे बांधलेलेच सापडले. त्यांच्या नाड्यांची नोंद शेवटपर्यंत संथ होती. कंपनीच्या वकिलानं ही गोष्ट दोनदा सांगितली, बाजू भक्कम करायला.

काही दिवसांनी गरिमाची आई मुंबईत ऋजुताच्या घरी आली. शिक्षिका असावी, साडीची घडी नीट, केस चापून बसवलेले. तिला कुणीतरी सांगितलं होतं की शेवटचं मुलीला भेटलेली बाई ही. तिनं पाणी घेतलं नाही. ओठ दाबून म्हणाली, मेरी बच्ची ने कुछ कहा था? आणि मग बांध फुटला.

ऋजुताला एकच गोष्ट सांगायची होती. माझे हात दोघांपर्यंत पोचत होते आणि मी माझ्या माणसाला उचललं. "माँजी," तिनं सुरुवात केली, "मुझे माफ..."

बाईंचं रडणं थांबलं. हुंदका अर्ध्यावर विरला, खांदे खाली आले, कपाळावरच्या आठ्या सुटल्या. त्या गोंधळून स्वतःच्या कोरड्या पडत चाललेल्या गालांना हात लावून पाहू लागल्या. आणि मग त्यांच्या डोळ्यांत जी दहशत आली, तशी ऋजुतानं विमानातही पाहिली नव्हती.

"मत बोलो, बेटी," त्या हात जोडून म्हणाल्या. "तुम बोलती हो तो रोना रुक जाता है. मुझे रोना है."

ऋजुतानं तोंड मिटलं. ती समोर बसून राहिली, आणि बऱ्याच वेळानं बाईंना पुन्हा रडू फुटलं.

तेव्हा एकूण असं झालं. गगनवेलनं एक आवाज काढून टाकला आणि दुसरा घेतला. तो म्हणे आणखी गोड आहे. बेहेऱ्यांनी नवीन आवृत्तीत बोंब ऐकू आल्यास उशीनं काय करावं याची सोय केली. तन्मय वाचला, आणि बायको चार शब्द बोलली की शांत झोपतो. ऋजुता जमिनीवर आहे, घरीच जेवते, आणि तिची माफी तिच्यापाशीच पडून आहे. या व्यवहाराचं मोल दिलं ते अंशुलनं आणि गरिमानं, न घाबरता. उरलेलं त्या बाई रडून देत होत्या, आणि ते देताना त्यांना कुणी थांबवू नये एवढंच त्या मागत होत्या.